खिडकीतला राउटर आणि अबोल्याचा फोन

सुरुवातीलाच सांगतो, माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मी नववीतून शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही मला चकवायचं, अजूनही चकवतं. भारी शब्द तर माझ्याकडे नाहीतच. वायर, पिन, स्विच, प्लग अशा शब्दांतच माझा दिवस जातो, तेव्हा लिहिणंही तसंच साधं होणार.

मी निपाणीत ईरण्णांच्या दुकानात कामाला आहे. आम्ही कॅमेरे बसवतो, वायफाय जोडतो, आणि अलीकडे इंटरनेटवरचे फोन बसवतो. गंमत म्हणजे मला स्वतःला फोनवर बोलायची फार लाज वाटते. फोन टेस्ट करताना मी फक्त "हॅलो हॅलो" म्हणतो आणि समोरून कुणी खरंच "बोला" म्हणालं की ठेवून देतो! ईरण्णा म्हणतात, "ह्यो म्हणजे पाण्याला भिणारा नावाडी."

संध्याकाळी चहाला बसलं की दुकानात किस्से निघतात. मी ऐकत असतो. पण यंदा एकाच घराचे इतके किस्से माझ्याकडे जमले, की ईरण्णाच म्हणाले, "तोंडानं सांगत न्हाईस तर लिहून तरी दे रं."

किस्से कडक भाकरीसारखे असतात. एक भाजून ठेवावी, दुसरी भाजून तिच्यावर ठेवावी. मान वर करून बघावं तर चवड छातीपर्यंत आलेली असते. भाकरीचं नाव घेतलं कारण ते घरच भाकरीचं आहे.

* * *

एके दिवशी मालनआक्का दुकानात आल्या. ज्वारीच्या पातळ, कडक भाकऱ्या करून विकणारं हे घर आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गल्लीतल्या बायका मागच्या पडवीत भाकऱ्या थापतात आणि माल बेळगाव, संकेश्वर, कुठं कुठं जातो. मालनआक्कांचे मालक म्हणजे आप्पा, ते ऑर्डरी घेतात. आप्पांचा धाकटा भाऊ दत्तूअण्णा, तो टेम्पोनं माल पोचवतो. घर एकच, मधे एक भिंत, आणि भिंतीत ताटं सरकवायला ठेवलेली एक खिडकी.

आक्का म्हणाल्या, "दोघा भावांचा अबोला चाललाय. नागपंचमीपासनं."

कारण विचारलं तर भाकरीचं मशीन! आप्पांनी बेळगावला एका प्रदर्शनात भाकरी करणारं मशीन बघितलं आणि घरी येऊन घेऊ म्हणाले. दत्तूअण्णा म्हणाला, "बायकांचा हात काढून मशीन लावणार असशील, तर ती भाकरी माझ्या टेम्पोत चढणार न्हाय." तेव्हापासून दोघांची तोंडं बंद. ऑर्डर आली की आप्पा भिंतीकडे बघून म्हणतात, "कुणाला तरी सांगा, संकेश्वरला माल जायचा हाय." पलीकडून दत्तूअण्णा देवाच्या फोटोला सांगतो, "कुणाला तरी सांगा, टेम्पोत डिझेल न्हाय." मधे दोन्ही जावा निरोप देऊन देऊन दमल्या.

"आणि आता त्यो दसऱ्याला वेगळी चूल मांडणार म्हणतोय," आक्का म्हणाल्या. "खडेबाजारातनं नवा तवा आणून ठेवलाय, पेपरात गुंडाळून. नवा नंबर पण घेणार म्हणं. एकदा नंबर दोन झाले की घर दोन झालंच. मला एकच नंबर पायजे. फोन आला की दोन्ही घरांत आणि पडवीत एकदम वाजला पायजे. आणि ह्या खोलीतनं त्या खोलीत बी लागला पायजे."

ईरण्णा म्हणाले, "आक्का, फोन बसवून अबोला मिटतो व्हय?"

"मिटू दे न्हायतर ऱ्हाऊ दे. दोघांच्या घरात घंटी तर एका टायमाला वाजंल?"

ईरण्णांनी माझ्याकडे बघितलं. "जा रं संतू."

* * *

त्या घरचा राउटर बरोबर त्या मधल्या खिडकीत होता. अर्धा आप्पांच्या बाजूला, अर्धा दत्तूअण्णाच्या बाजूला. मी जरा अलीकडे सरकवला तर पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. पलीकडे सरकवला तर अलीकडून! शेवटी सुनीतावैनी, म्हणजे दत्तूअण्णाची बायको, मला हळूच म्हणाल्या, "हाय तिथंच ठेवा. त्यो सीमेवरचा दगड हाय."

माझं काम असं होतं. एक छोटा डबा बसवायचा, तो एक्स्चेंज. त्याला तीन फोन जोडायचे : आप्पांच्या टेबलावर एक, पडवीत एक, दत्तूअण्णाकडे एक. बाहेरचा नंबर इंटरनेटवरून येणार आणि घरच्या साध्या राउटरमधून आत शिरणार. त्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये जावं लागतं आणि त्याला पासवर्ड लागतो.

पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. मी म्हटलं, काळजी नको, राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो. उलटा करून बघतो तर पासवर्डवर कुंकवाचं भलं मोठं बोट! वर हळद. मागच्या खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर राउटरचीही पूजा झालेली, आणि पुढून दिवे लुकलुकतात म्हणून आक्कांनी कुंकू मागून लावलेलं.

मी ओल्या बोटानं पुसायला गेलो तर कुंकवाबरोबर अक्षरंही निघाली.

आक्का जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता?"

"रीसेट करायला लागंल. बारीक भोकात टोचायला काहीतरी द्या."

आक्कांनी लगेच बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली. मी टोचली. राउटर रीसेट झाला, आणि त्याच्याबरोबर फायबरवाल्यानं भरून ठेवलेली माहितीसुद्धा उडाली. सगळ्या घराचं इंटरनेट गेलं!

पलीकडून दत्तूअण्णानं देवाच्या फोटोला विचारलं, "इंटरनेट कुणी घालवलं म्हणायचं?"

अलीकडून आप्पांनी भिंतीला उत्तर दिलं, "ज्याला मशीन नको हाय त्याला इंटरनेट कशाला पायजे म्हणावं!"

फायबरवाला येईपर्यंत मी मान खाली घालून बसलो होतो. आक्कांनी ताटात भाकरी, झुणका आणि कांदा आणून पुढ्यात ठेवला. "खा. माझ्या कुंकवानं झालंय, तुझ्यानं न्हाय." दुसऱ्या कुठल्या घरात मला बाहेर काढलं असतं.

* * *

सगळं जोडून झालं आणि पहिला बाहेरचा फोन आला. तिन्ही फोन एकदम वाजले. मला इतका आनंद झाला! पडवीतल्या बायका थापायच्या थांबल्या. आक्कांनी पदराला हात पुसून रिसीव्हर उचलला.

"हॅलो... हॅलो?"

पलीकडून आवाजच येईना. पण पलीकडच्याला आमचा आवाज जात असणार, कारण फोन कट होत नव्हता. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात छळवादी रोग. एका बाजूचा आवाज जातो, दुसऱ्या बाजूचा वाटेत राउटरपाशी अडतो.

मी हातानं खुणा करत होतो, "ठेवा, ठेवा!" पण आक्कांनी फोनवरचं नाव वाचलं होतं. संकेश्वरचे मेसवाले मामा. त्या बोलतच राहिल्या.

"हां मामा, बोला... हां... हां हां... व्हय की... पाठवतो की. दुपारच्या आत पोचतंय. पोरीला आशीर्वाद सांगा."

आणि ठेवला!

मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला काय ऐकू आलं?"

"काय बी न्हाय."

"मग ऑर्डर कसली घेतली?"

"आज बाजार हाय तिकडं. बाजारच्या दिवशी मामांना नेहमीपेक्षा दोन चवडी जास्त लागत्यात. शेंगदाण्याची चटणी संपली असंल, मागच्या टायमाला कमी दिल्ती. दुसरं काय बोलणार हाय त्यो माणूस?"

माल गेला. संध्याकाळी दत्तूअण्णा परत आला आणि सुनीतावैनींकरवी निरोप आला : ऑर्डर अगदी बरोबर, चटणीसकट! फक्त मामांनी फोन ऑर्डरसाठी केलाच नव्हता. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते सांगायला केला होता. आणि आक्कांनी शेवटी "पोरीला आशीर्वाद सांगा" म्हटल्यामुळे मामांना वाटलं, ह्यांना सगळं नीट ऐकू आलंय!

दसऱ्याला साखरपुडा. भाकऱ्यांची ऑर्डर अर्थातच आक्कांकडे.

मी ईरण्णांना फोन करून रोग सांगितला. ते म्हणाले, "राउटरमधी एक सेटिंग असतंय बघ. फोनला मदत करतो म्हणून मधी बोट घालतंय आणि आवाजाचा पत्ताच बदलून टाकतंय. ते बंद कर. डब्याला एक पक्का पत्ता दे, आणि आवाजाची दारं उघडी ठेव."

मी तसं केलं. आवाज दोन्हीकडून खणखणीत यायला लागला.

ईरण्णा म्हणाले, "हौद?" कानडीतलं हौद म्हणजे होय. "बघ, लई चांगुलपणानं मधी पडणाराच घोटाळा करतंय."

* * *

त्यानंतर सकाळी सकाळी फोन बंद पडायला लागले. दुपारी आपोआप चालू. मी दोनदा जाऊन आलो, मी जातो तेव्हा सगळं ठीक!

तिसऱ्यांदा मी मुद्दाम सकाळीच गेलो. पडवीत भाकऱ्यांचं काम जोरात होतं, हवेत पीठ तरंगत होतं. खिडकीत बघतो तर राउटर दिसेना. त्याच्या जागी एक ओलं फडकं घडी करून ठेवलेलं.

"वैनी, राउटर कुठं गेला?"

"फडक्याखाली हाय की."

"ओलं फडकं?"

"अवो, हात लावला तर तापल्याला! मळलेलं पीठ वाळू नये म्हणून आम्ही ओलं फडकं टाकतोच की. म्हटलं ह्याला बी गार वाटू दे."

मी प्लग काढला, राउटर उघडला. आत पीठ होतं, आणि त्या पिठाला ओल लागून चक्क कणीक झाली होती! फडकं वाळेपर्यंत राउटर बंद, वाळलं की चालू. इतकं सोसून तो जिवंत होता हे बघून मला त्या राउटरचाही आदर वाटला.

मी सगळं साफ केलं आणि लाजत लाजत सांगितलं, "वैनी, ह्याला हवा पायजे. झाकू नका." वैनींनी दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी बांबूच्या पातीची विणलेली एक छोटी पाटी, म्हणजे टोपली, उलटी टाकली. पीठ पडत नाही, हवा खेळते. आता आमच्या दुकानात पिठाच्या, सिमेंटच्या जागी राउटर बसवला की आम्ही वैनींची पाटी टाकतो.

* * *

आता आतल्या फोनचा किस्सा. आप्पांकडून दत्तूअण्णाला फोन लावून बघायचा होता. आप्पा तयारच नव्हते.

"मी बोलणार न्हाय."

आक्का म्हणाल्या, "त्याच्याशी कुठं बोलताय? फोनशी बोलताय. भिंतीशी बोलत व्हताच की, आता फोनशी बोला."

हे आप्पांना पटलं. त्यांनी नंबर दाबला. पलीकडे घंटी वाजली, रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"संकेश्वरला उद्या सकाळी माल जायचा हाय. कोरड्या चटणीचा डबा विसरायचा न्हाय. येताना गुळाची ढेप आणायची." आप्पा एवढं बोलून थांबले. पलीकडून काही नाही. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तुझा फोन बिघडलाय. आवाज येत न्हाय."

पुन्हा एका बाजूचा आवाज! मी राउटर तपासला, एक्स्चेंज तपासलं, वायर बदलली, फोन बदलला. आप्पा परत परत तेच बोलायचे, "संकेश्वरला उद्या सकाळी..." आणि पलीकडे शांतता. शेवटी मी रडवेला होऊन ईरण्णांना फोन केला.

ईरण्णा म्हणाले, "खुळ्या, ह्या खोलीतनं त्या खोलीत बोलताना आवाज घराच्या बाहेर जातो व्हय? आतल्या आत फिरतोय. ते सेटिंग आडवं येतंयच कुठं? आता राउटर बघू नको, माणसं बघ."

मी वळसा घालून दत्तूअण्णाच्या दारात गेलो. अण्णा बाजेवर बसून रिसीव्हर कानाला लावून मन लावून ऐकत होता. मान पण हलवत होता!

"अण्णा, तुम्हाला ऐकू येतंय?"

"झकास येतंय. चौथ्यांदा ऐकतोय."

"मग बोलत का न्हाय?"

अण्णा म्हणाला, "अबोला बोलण्याचा असतोय पोरा. ऐकण्याचा न्हाय!"

पण आप्पांना कळणार कसं, की निरोप पोचला? मी भीत भीत एक उपाय सांगितला. बोलू नका, नुसतं बटण दाबा. पलीकडे टूं वाजतं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही.

दोघांनाही हे मान्य झालं. त्या दिवसापासून असं चाललं.

"उद्या बेळगावला जायचं हाय."

टूं.

"वाटेत गाडी घालून सासुरवाडीला जायचं न्हाय."

टूं टूं!

आणि एकदा आप्पा म्हणाले, "मशीन घेतलं असतं तर आतापर्यंत डबल माल गेला असता." तेव्हा दत्तूअण्णानं बटण दाबलं ते सोडलंच नाही. टूंऽऽऽऽऽ! आप्पा रिसीव्हर कानापासून लांब धरून ओरडले, "कुणाला तरी सांगा, बटण मोडंल!"

पडवीतल्या बायका हसून हसून पिठात लोळायच्या बाकी राहिल्या. मी मात्र घरी जाताना विचार करत होतो, आम्ही पोरं भांडलो की सरळ नंबर ब्लॉक करतो. ह्या दोघांनी ऐकणं एक दिवसही सोडलं नाही.

* * *

लाइन गुंतलेली असली की गिऱ्हाइकाला काहीतरी ऐकवावं लागतं. कंपनीनं दिलेली इंग्रजी बाई नको म्हणून आक्कांचा आवाज रेकॉर्ड करायचं ठरलं. मी मोबाइल धरून पडवीत उभा राहिलो. आक्का म्हणाल्या, "नमस्कार. जरा थांबा, भाकरी तव्यावर हाय. लगीच बोलतो."

दुकानात जाऊन ऐकलं तर मागे थापायचा आवाज सगळा आलेला. थप थप थप थप. मधे बांगड्या. मी साफ करायला गेलो तर ईरण्णांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. हेच खरं हाय."

मग गंमत सुरू झाली. फोन उचलला तर गिऱ्हाईक म्हणायचं, "असू दे, असू दे, जरा ऐकू द्या!" बेळगावची एक म्हातारी रोज फोन करून नुसतं ते ऐकून ठेवून द्यायची. आणि ऑर्डर देणारा प्रत्येक माणूस आप्पांना एक प्रश्न हमखास विचारायचा.

"हाताच्याच ना?"

आप्पा पहिल्यांदा नुसतं "हं" म्हणायचे. नंतर "हाताच्याच" म्हणायला लागले. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी एकदा तारा नीट करत टेबलाखाली बसलो होतो, तेव्हा मी स्वतःच्या कानांनी आप्पांना बोलताना ऐकलं, "मशीनची? छ्या! आमच्या घरात मशीनची भाकरी चढत न्हाय."

खिडकीच्या पलीकडे बाज करकरली. मी टेबलाखालून वर आलोच नाही.

पण अबोला होता तो होताच. नवा तवा दत्तूअण्णाच्या भिंतीला टेकून तसाच, पेपरात गुंडाळलेला. दसरा दोन पावलांवर.

* * *

खंडेनवमीला आमच्या दुकानात ड्रिल, पकडी, शिडी सगळ्यांची पूजा झाली. ईरण्णांनी दारात कोहळा फोडला. संध्याकाळी मी प्रसाद घेऊन भाकरीच्या घरी गेलो.

खिडकीकडे बघितलं तर राउटरचा एकही दिवा लागलेला नव्हता! जवळ जाऊन बघतो तर राउटरला झेंडूची माळ, एक्स्चेंजच्या डब्याला माळ, आप्पांच्या टेबलावरच्या फोनला माळ. प्लग काढून नीट गुंडाळून ठेवलेला.

मालनआक्का आणि सुनीतावैनी देवीच्या आरतीला निघाल्या होत्या.

"आक्का, बंद का केलाय?"

"आज हत्यारं उठवायची नसत्यात. तव्यांना सुट्टी, टेम्पोला सुट्टी, दत्तूच्या मोबाइलला सुट्टी. मग ह्यानंच काय पाप केलंय? वरीसभर राबतोय."

"आणि कुणाचा फोन आला तर?"

"आज कोण भाकरी मागतंय!" जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "ह्या टायमाला पासवर्ड सोडून कुंकू लावलंय हां!"

घरात आप्पा आणि मी. भिंतीच्या पलीकडे दत्तूअण्णा बाजेवर पडलेला. मी प्रसाद ठेवून निघणार, तेवढ्यात आप्पांचा जुना बटणांचा मोबाइल वाजला. तो एवढा जुना की आक्कांनी त्याला हत्यारात धरलंच नव्हतं. आणि राउटर बंद असला की फोन तिकडे जावा अशी सोय मीच करून ठेवली होती.

संकेश्वरचे मेसवाले मामा होते. आप्पांचा मोबाइल कायम स्पीकरवर, त्यामुळे सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"आप्पा, घोटाळा झालाय. साखरपुडा दुपारचा सकाळवर आलाय आणि पाव्हणं डबल झाल्यात. उद्या उन्हं वर यायच्या आत भाकरी पोचली न्हाय तर पोरीच्या सासरच्यांसमोर माझी मान खाली जाईल."

"पोचंल," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते बोटांवर हिशोब करायला लागले. उजाडायच्या आधी चुली पेटवायच्या, डबल भाकऱ्या, आणि टेम्पो. टेम्पो दत्तूअण्णाचा. आणि दत्तूअण्णा तर उद्या वेगळी चूल मांडणार.

मी म्हटलं, "आप्पा, मी पलीकडं जाऊन सांगतो."

"थांब."

"मग राउटर चालू करू? मिनिटभरात चालू होतोय."

"नको. हत्यार उठवायचं न्हाय."

आप्पा उठले. टेबलापाशी गेले. माळ न हलवता त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला आणि दत्तूअण्णाचा नंबर दाबला. नीट, एक एक बटण.

"आप्पा, त्याला लाइट न्हाय," मी हळूच म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी स्टुलावर बसलो.

ते रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. घंटी वाजायचा प्रश्नच नव्हता. तरी जेवढा वेळ घंटी वाजली असती, तेवढा वेळ ते थांबले. पलीकडे बाज करकरली. खिडकीतून मला दत्तूअण्णा दिसला. त्यानं आपल्या फोनचा रिसीव्हर उचलला होता. झेंडूची एक पाकळी त्याच्या खांद्यावर पडली होती.

"हॅलो," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, अण्णा आता बटण दाबणार.

"हां. बोल दादा."

आप्पांनी टेबलाची कड धरली. "आवाज येतोय का?"

"येतोय. आज लई क्लिअर येतोय."

"संकेश्वरची ऑर्डर डबल झालीया. पहाटं निघायला लागतंय."

"टेम्पोचं टेन्शन न्हाय. पण तवं कमी पडत्यात."

"मग रं?"

दत्तूअण्णानं मान वळवून भिंतीकडे बघितलं.

"एक नवा हाय माझ्याकडं," दत्तूअण्णा म्हणाला. "पेपरात गुंडाळल्याला."

"घिऊन ये."

"आणतो. ठेवू?"

"ठेव."

दोघांनीही रिसीव्हर ठेवले. आप्पांनी फोनवरची माळ सरळ केली. खिडकीतून बघितलं, तर दत्तूअण्णाही माळ सरळ करत होता.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी उजाडता उजाडता राउटर चालू करायला गेलो. पडवीत सगळ्या चुली पेटलेल्या. नवा तवा मधल्या चुलीवर काळा पडत होता आणि त्याच्या पेपरानं चूल पेटवलेली दिसत होती. मी खिडकीपाशी जाऊन प्लग उलगडला, खोचला, आणि स्विचवर बोट ठेवलं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "हॅलो दादा, चटणीचा डबा कुठं ठेवलाईस?"

आप्पा टेबलापाशी रिसीव्हर कानाला लावून उभे होते. "हॅलो... हां दत्तू, बोल."

मी स्विचवरचं बोट काढलं, चपला घातल्या आणि आपट्याची पानं आणायला गेलो.